ईव्हीची बॅटरी उन्हाळ्यात कशी जपायची: ऊन, चार्जिंग आणि रोजच्या सवयी

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूर, जळगाव या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास गेला की ईव्हीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न सारखा येतो, या उन्हात आपल्या बॅटरीचं काय होणार. आणि त्यावर उत्तरं अशी येतात की विचारणारा अजून गोंधळतो, एक जण म्हणतो ८० टक्क्यांच्या वर कधीच नेऊ नका, दुसरा म्हणतो शोरूमवाल्यानेच १०० करायला सांगितलंय, तिसरा म्हणतो फास्ट चार्जरच्या वाटेलाच जाऊ नका. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त कुठल्या बॅटरीला आणि कुठल्या वेळी हे कुणीच सांगत नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

मुद्द्याचं आधी सांगतो. बॅटरीचं आयुष्य कमी होतं ते तीन गोष्टी एकत्र जुळून आल्या की: बॅटरी भरलेली, बॅटरी तापलेली, आणि गाडी तासन्‌तास तशीच उभी. या तिघांपैकी एक जरी मोडली तरी नुकसान बरंच कमी होतं. म्हणजे १०० टक्के चार्ज करून लगेच निघालात तर फार बिघडत नाही, ४५ टक्क्यांवर गाडी दुपारभर बाहेर राहिली तरी जीव खाली-वर करायची गरज नाही, पण १०० टक्के भरून रणरणत्या उन्हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि तेही रोज, हे टाळा.

आत नेमकं काय होतं

लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या (म्हणजे ऋण टोकाच्या) बाजूला पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक अगदी पातळ थर बसतो. हा थर लागतोच, तो नसेल तर सेल चालणार नाही. पण तो हळूहळू जाड होत राहतो, आणि जाड होताना सेलमधलं थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो, ते परत वापरात येत नाही. रेंज कमी होते ती मुख्यतः यामुळे. आता हा थर वाढणं ही रासायनिक क्रिया आहे आणि रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे २५ अंशांवर ठेवलेली बॅटरी आणि ४५ अंशांवर ठेवलेली बॅटरी यात चौपटीचा फरक पडू शकतो, गाडी एक किलोमीटरही न चालता. त्यात बॅटरी जितकी जास्त भरलेली तितकं सेलचं व्होल्टेज जास्त, आणि व्होल्टेज जास्त म्हणजे ही क्रिया अजून जोरात. सेलला १५ ते ३५ अंश मानवतात, साधारण माणसाला बरं वाटतं तेवढंच.

एक गोष्ट बरेच जण चुकीची समजतात. उन्हात उभ्या गाडीत बसताना स्टिअरिंगला चटका बसतो, म्हणून वाटतं बॅटरी पण तेवढीच तापली असेल. तसं नसतं. पॅक, म्हणजे अनेक सेल मिळून झालेली मोठी बॅटरी, गाडीच्या तळाला असतो, वजन दोन-तीनशे किलो किंवा त्याहून जास्त, एवढं धूड तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. काच बंद केबिन अर्ध्या तासात भट्टी होते, पॅक मात्र चार-सहा तासांत हळूहळू वर चढतो, हवेने आणि खालच्या तापलेल्या डांबराने. आणि विदर्भातली खरी अडचण रात्रीची आहे, मेच्या शेवटी रात्री पण पारा ३० च्या खाली जायला तयार नसतो, त्यामुळे दिवसभर तापलेला पॅक सकाळपर्यंत पूर्ण थंड झालेलाच नसतो आणि दुसरा दिवस तिथूनच सुरू होतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. निसान लीफ २०१० च्या शेवटी बाजारात आली, २४ किलोवॅट-अवरची (म्हणजे २४ युनिट वीज मावणारी) बॅटरी आणि तिला थंड ठेवायला वेगळी कूलिंगची सोयच नव्हती, आपोआप जेवढी निवेल तेवढी. ॲरिझोनातल्या फिनिक्सचा उन्हाळा आपल्या विदर्भाच्या मे महिन्यासारखाच, फक्त तो कितीतरी जास्त लांबतो. २०१२ पर्यंत तिथल्या लोकांच्या डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या १२ दांड्यांमधल्या दांड्या गळायला लागल्या, थंड हवेच्या गावांतल्या त्याच गाड्या मात्र बऱ्या होत्या. शेवटी कंपनीने ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत ९ दांड्यांच्या खाली गेलं तर दुरुस्त करून किंवा बदलून देऊ अशी क्षमतेची वॉरंटी दिली, आणि २०१५ च्या मॉडेलपासून उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली. आज आपल्याकडच्या बहुतेक ईव्ही कारना लिक्विड कूलिंग आहे, त्यामुळे तेवढी वाईट वेळ येणार नाही. पण घेताना हा प्रश्न शोरूममध्ये विचाराच, बॅटरी लिक्विड कूल्ड आहे की एअर कूल्ड, कारण स्वस्तातल्या काही गाड्यांत अजूनही हवेवरच काम भागवलेलं असतं आणि नागपूर-अकोल्याच्या माणसाला त्याने फरक पडतो.

शिवाय लिक्विड कूलिंग असलं तरी ते गाडी चालू असताना किंवा चार्जिंग चालू असताना काम करतं. गाडी लॉक करून तुम्ही ऑफिसात गेलात की बहुतेक गाड्यांत पंप बंद. म्हणूनच पार्किंगवर एवढा जोर देतोय.

आधी आपली बॅटरी कुठली ते बघा

८० की १०० हा वाद अर्धा इथेच मिटतो. आपल्याकडे दोन प्रकार चालतात, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). टाटाची नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, एमजीची कॉमेट, विंडसर, बीवायडीची ॲटो ३, महिंद्राची बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या एलएफपीवाल्या. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक, कोना, महिंद्राची एक्सयूव्ही ४०० या एनएमसीवाल्या. एमजी झेडएसमध्ये सुरुवातीची ४४.५ किलोवॅट-अवरची बॅटरी एनएमसी होती आणि २०२२ नंतरची ५०.३ ची एलएफपी, म्हणजे सेकंड हँड घेताना नुसतं नाव बघून चालत नाही, वर्ष पण बघा.

एनएमसी असेल तर रोजचं लिमिट ८० ठेवा, १०० फक्त प्रवासाच्या दिवशी. यात फार डोकं लावायची गरज नाही.

एलएफपीचं थोडं वेगळं आहे. हिच्या सेलचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहतं, त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेला) नक्की किती चार्ज उरलंय हे मधल्या पट्ट्यात नीट कळतच नाही, तो हिशोबाने अंदाज बांधतो आणि तो अंदाज दिवसागणिक थोडा थोडा सरकतो. १०० पर्यंत गेलं की व्होल्टेज एकदम वर चढतं आणि तिथे त्याला खूण सापडते, शिवाय सेल एकमेकांशी बरोबरीत आणायचं कामही वरच्या टोकालाच होतं. म्हणून एलएफपीवाल्यांना कंपन्या अधूनमधून स्लो चार्जरवर १०० करा म्हणतात, टेस्ला तर आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा करा म्हणते. पण यावरून "एलएफपी आहे, रोज फुल्ल करा, काही होत नाही" असा जो निष्कर्ष लोक काढतात तो मला पटत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने एलएफपी सेलवर केलेल्या कामात दिसलंय की भरलेल्या टोकाजवळ फिरवलेले सेल लवकर झिजतात आणि उष्णतेत हा फरक वाढतो. म्हणजे एलएफपी सोशिक आहे, पण नियम तिलाही तोच. माझं मत विचाराल तर एलएफपीला रोज ८०-८५, आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये जेवढ्या दिवसांनी सांगितलंय तेवढ्या दिवसांनी एकदा १००, तेही अशा बेताने की १०० झालं की तासा-दोन तासांत गाडी बाहेर पडेल.

गाडी उभी कुठे करायची

सोसायटीत बेसमेंट पार्किंग मिळत असेल तर डोळे झाकून ते घ्या, उन्हाळ्यात बेसमेंट बाहेरच्यापेक्षा बरंच गार असतं आणि मुख्य म्हणजे खालची फरशी तापलेली नसते. ते नसेल तर बिल्डिंगची सावली, मग झाड. पत्र्याच्या शेडबद्दल लोकांचा गैरसमज असतो, पत्रा ऊन अडवतो हे खरं पण दुपारी दोनला तोच पत्रा इतका तापतो की खाली उभं राहिलं तर डोक्यावर धग जाणवते, बाजूंनी वारा खेळता असेल तर चालेल, तीन बाजूंनी बंद शेड असेल तर त्यापेक्षा हिरवी जाळी बरी. आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये जागा निवडताना सूर्य कुठून कुठे जाणार याचा विचार करा, सकाळी नऊला जिथे मस्त सावली असते तिथेच दोन ते पाच भर ऊन असतं, आणि ते तीन तासच महत्त्वाचे.

सावली मिळणारच नसेल तर मग दुसरी बाजू सांभाळा, चार्ज कमी ठेवा. दिवसभर उन्हात गाडी उभी राहणार असेल तर सकाळी ५०-६० वर घरून निघा, रोजचं तीस-चाळीस किलोमीटर जाणं-येणं त्यात आरामात होतं. इतकं साधं आहे, तरी बरेच जण रेंजच्या धास्तीने रोज सकाळी १०० बघितल्याशिवाय बाहेर पडत नाहीत.

घरचं चार्जिंग: कधी आणि कसं

उन्हाळ्यात संध्याकाळी घरी आल्या आल्या प्लग लावायची सवय सोडा. गाडी तेव्हा सगळ्यात गरम असते, रस्त्याने तापवलेली, वर मोटर आणि पॅकची स्वतःची उष्णता. आणि सात वाजता चार्जिंगला लावली तर ती अकरा-बाराला भरते आणि सकाळी आठपर्यंत भरलेलीच उभी राहते. त्यापेक्षा हिशोब उलटा करा. सकाळी आठला निघायचं, २४ किलोवॅट-अवरची गाडी, ३० वरून ८० वर न्यायची म्हणजे १२ युनिट आत जायला हवेत, घरच्या ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगला त्यात जाणारा लॉस धरून चार तासांच्या आसपास लागतात, तर पहाटे साडेतीनचा टायमर लावा. तेव्हा हवा पण त्यातल्या त्यात गार आणि गाडी भरली की लगेच निघते. बऱ्याच गाड्यांत किंवा त्यांच्या ॲपमध्ये वेळ लावायची आणि लिमिट ठरवायची सोय असते. लिमिटची सोय नसेल तर हाच वेळेचा हिशोब लिमिट म्हणून वापरा, टायमर थोडा उशिराचा लावायचा आणि निघताना प्लग काढायचा.

घरावर सोलर असणाऱ्यांना दुपारीच चार्ज करायचा मोह होतो आणि तो चुकीचाही नाही, वीज आपली असते. फक्त गाडी सावलीत असू द्या, स्लो चार्जरच वापरा आणि १०० ला थांबवण्यापेक्षा ७०-८० ला थांबवा.

रोज थोडं थोडं चार्ज करावं की आठवड्यातून एकदा पूर्ण? रोज थोडं. "पूर्ण उतरवून मग पूर्ण भरा" हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे, त्यांना मेमरी इफेक्ट होता. लिथियमला तो त्रास नाही, उलट १० ते १०० अशी मोठी झेप घेण्यापेक्षा ५० ते ८० अशा छोट्या फेऱ्या तिला जास्त मानवतात.

आता एक गोष्ट बॅटरीची नाही पण चार्जिंग आणि उष्णतेचीच आहे आणि ती मी जरा सविस्तर सांगणार, कारण इथे बॅटरीपेक्षा घराला धोका आहे. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज करत असाल तर चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाला की प्लग टॉपवर हात ठेवून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेवता येत नाही इतका गरम लागला तर तिथल्या तिथे बंद करा. मग मेन स्विच पाडून प्लग काढा आणि सॉकेटची भोकं टॉर्चने बघा, कडेला पिवळट-तपकिरी छटा आली असेल, प्लास्टिक जरा मऊ पडल्यासारखं दिसत असेल किंवा पिन सैल बसत असेल तर आतली पत्ती ढिली झालेली असते आणि तिथेच उष्णता तयार होते. मिक्सर, इस्त्री दहा-वीस मिनिटं चालतात, गाडी तोच करंट सलग पाच-सात तास ओढते, आपली बरीच जुनी सॉकेटं त्यासाठी बनलेलीच नसतात. वायरमनकडून चांगल्या कंपनीचं सॉकेट, मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड लावून गॅलरीतून वायर खाली सोडणं तर कुठल्याच परिस्थितीत नको. जमत असेल तर ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवा, त्याच्या वेगाने बॅटरीला काही होत नाही.

फास्ट चार्जिंग

फास्ट चार्जरची जी भीती घातली जाते ती जरा जास्तच आहे. पण ती कुठून येते ते समजून घ्या. वायरीत किंवा सेलमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. ३० किलोवॅट-अवरची बॅटरी ३ किलोवॅटने भरली आणि तीच ३० किलोवॅटने भरली तर करंट दहापट, दर सेकंदाची उष्णता शंभरपट, आता वेळ दहावा हिस्सा लागतो म्हणून एकूण उष्णता साधारण दहापट, पण ती सगळी एका तासात. गार हवेत कूलिंग ती ओढून नेतं. मेच्या दुपारी ओढून न्यायलाही बाहेर गरम हवाच असते.

समृद्धी महामार्गावर हे अगदी स्पष्ट दिसतं. नागपूरहून मुंबईकडे निघालात, ताशी १२० ची मर्यादा म्हणून १२० नेच गाडी हाणली, काँक्रीटचा रस्ता तापलेला, एसी फुल्ल, दुपारी दीडला चार्जरला गाडी लावली. प्लग लावल्या लावल्या बॉनेटखालचा फॅन जोरात घोंघावायला लागतो, चार्जरच्या स्क्रीनवर आकडा सुरुवातीला चांगला दिसतो आणि पाच-दहा मिनिटांत निम्म्यावर येतो. लोक चार्जरला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा गाडीच स्वतःहून करंट कमी मागत असते कारण पॅक तापलेला आहे. ती स्वतःला वाचवतेय, तिला वाचवू द्या. अशा वेळी एवढं करा: शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर ८० च्या वेगाने घ्या म्हणजे पॅकला थोडं निवायला मिळतं, छत असलेला चार्जर निवडा, आणि शक्य असेल तर लांबचा प्रवास पहाटे चारला सुरू करून दुपारच्या आत संपवा. उन्हाळ्यात हा शेवटचा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा मोठा.

आणि ८० झाले की निघा. एसटी लागली की पहिल्या सीटा धडाधड भरतात आणि शेवटी एकेका जागेसाठी शोधाशोध होते, सेलमध्ये लिथियमला जागा शोधायला तसाच वेळ लागतो, म्हणून ८० नंतर वेग पडतो. ८० ते १०० ला जेवढा वेळ जातो तेवढ्यात बऱ्याचदा २० ते ८० झालेलं असतं, मागे रांगेत दुसरी गाडी असते ती वेगळीच.

घरी चार्जिंगची सोय आहे आणि महिन्यातून दोन-चार वेळा हायवेवर फास्ट चार्ज करावं लागतं, तर अजिबात मनाला लावून घेऊ नका. सोसायटी परवानगी देत नाही म्हणून रोज फास्ट चार्जरवरच अवलंबून असाल तर मात्र वेळ सकाळची किंवा रात्रीची निवडा, कमी पॉवरचा चार्जर मिळत असेल तर तो घ्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा कुणाकडे तरी स्लो चार्जिंगवर रात्रभर लावा, सेल बॅलन्स व्हायला ते लागतंच.

गावाला जाताना, घाटात, आणि शून्याजवळ

गणपतीला कोकणात किंवा मे महिन्यात महिनाभर गावाला जाणार आणि गाडी घरीच राहणार असेल तर ४०-५० टक्क्यांवर सावलीत ठेवून जा. १०० वर ठेवून चार्जर लावून जाणं चूक, आणि ५-१० टक्क्यांवर सोडून जाणं त्याहून चूक, कारण गाडी बंद असली तरी थोडं थोडं खात असते, आणि पॅक अगदी तळाला गेला तर आतलं तांबं विरघळून सेल कायमचा निकामी होऊ शकतो. छोटी १२ व्होल्टची बॅटरी पण उन्हाळ्यात लवकर दमते, ती उतरली तर मोठा पॅक अर्धा भरलेला असूनही गाडी उघडत नाही, तेव्हा घरात कुणी असेल तर त्यांना आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवायला सांगा.

महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम असेल आणि सकाळी पसरणी घाट उतरून वाईला यायचं असेल तर हॉटेलवर १०० करू नका. भरलेल्या बॅटरीत रिजेनची, म्हणजे उतारावर किंवा वेग कमी करताना मोटर उलटी बनवते ती, वीज घ्यायला जागाच नसते, रिजेन कमी होतं आणि सगळा उतार ब्रेकवर येतो. ८०-८५ वर निघालात तर खाली पोचेपर्यंत टक्के वाढलेले दिसतात.

अमेरिकेत-कॅनडात थंड भागात असणाऱ्यांसाठी एकच वाक्य, तिकडे उलटा धोका असतो, शून्याखाली गोठलेल्या बॅटरीला फास्ट चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी वरच साचतं, त्यामुळे तिकडे प्रीकंडिशनिंग (बॅटरी आधी कोमट करणं) करूनच चार्जरवर जा.

तब्येत कशी तपासायची

उन्हाळ्यात रेंज कमी दाखवली म्हणून लगेच बॅटरी गेली असं समजू नका, त्यात एसीचा वाटा मोठा असतो. तुलना करायची तर एकाच ऋतूत, एकाच रस्त्यावर, साधारण तेवढ्याच वेगाने करा. पहिल्या वर्षी क्षमता जरा जास्त पडते आणि मग घसरण संथ होते हे बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचं असतंच, पहिल्या वर्षाचा आकडा बघून पुढच्या आठ वर्षांचा गुणाकार करू नका. गाडीच्या तपासणी सॉकेटला ओबीडी डोंगल (छोटं यंत्र) लावून मोबाइलवर एसओएच, म्हणजे नव्याच्या तुलनेत बॅटरीची क्षमता किती टक्के उरली ते, बघता येतो, पण तोही बीएमएसचा अंदाजच, एलएफपी असेल तर आधी स्लो चार्जरवर १०० करून मग बघा, नाहीतर चुकीचा आकडा बघून रात्रीची झोप जायची.

सेकंड हँड ईव्ही बघायला जात असाल तर किलोमीटरपेक्षा आधी हे विचारा की गाडी कुठल्या गावात होती, उभी कुठे असायची आणि चार्जिंग घरी व्हायचं की बाहेर. नाशिकला बेसमेंटमध्ये ठेवून ६० हजार चाललेली गाडी, चंद्रपुरात उघड्यावर १०० टक्क्यांवर उभी राहिलेल्या २० हजारवाल्या गाडीपेक्षा मी आधी घेईन. मालकाला गाडी आदल्या रात्री स्लो चार्जवर भरून ठेवायला सांगा, सर्व्हिस सेंटरचा एसओएच रिपोर्ट मागा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का आणि कुठल्या अटींवर ते लेखी घ्या.

वॉरंटीचं पुस्तक नवीन गाडीवाल्यांनीही एकदा वाचाच. बऱ्याच गाड्यांत ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असं काहीतरी मोठ्या अक्षरात असतं, किती टक्क्यांच्या खाली गेलं की बॅटरी वॉरंटीत बसते हे आतल्या पानावर असतं, बऱ्याच ठिकाणी ७० च्या आसपास, आणि ती तपासणी कंपनीच्याच पद्धतीने होते, तुमच्या मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट तिथे चालत नाही. म्हणून दर सर्व्हिसला एसओएचचा आकडा जॉब कार्डवर लिहून मागा, तारीख आणि किलोमीटरसकट, आणि ते कागद एकाच फाइलला लावत चला.